जुन्या क्लासिक गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवला, म्हणजे ती सुरक्षित झाली का?

अ‍ॅम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. प्रीमिअर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. अशा गाड्या आता नव्याने बनणार नाहीत. त्यामुळे चोरीला गेलेली गाडी सुटे भाग करून विकली गेली, तर ती कायमची गेली.

जुनी गाडी चोरणं सोपं का असतं?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या चावीत चिप असते. ती ओळख पटली नाही तर इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देत नाही. जुन्या गाडीत यातलं काहीच नसतं. इग्निशनच्या वायरी जोडल्या की काम झालं. तेही नको असेल तर गाडी टो करून नेता येते.

शिवाय ही गाडी बहुतेक वेळ उभीच असते. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. ती घेतली तर गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही, रॅली किंवा प्रदर्शनासारख्या कारणांसाठीच काढता येते.

अलार्म आणि ट्रॅकर काय करतात?

अलार्म फक्त ओरडतो. टोइंगचा धोका असेल तर गाडी तिरकी होताच वाजणारा टिल्ट सेन्सर असलेला अलार्म घ्या.

ट्रॅकर उपग्रहांच्या मदतीने ठिकाण शोधतो आणि सिमकार्डवरून ते तुमच्या फोनवर पाठवतो. म्हणजेच बेसमेंट, बंद कंटेनर, जॅमर किंवा संपलेला रिचार्ज, यातलं काहीही त्याला गप्प करू शकतं.

एअरटॅग स्वस्त पडतो, पण त्याला स्वतःचं नेटवर्क नसतं. आसपासच्या अ‍ॅपल उपकरणांवर तो अवलंबून असतो. अनोळखी टॅग सोबत फिरतोय, असा इशारा चोराच्याच फोनवर येऊ शकतो.

खरी अडचण बॅटरीची

अलार्म आणि ट्रॅकर सतत थोडी वीज खातात. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरते आणि दोन्ही बंद पडतात. म्हणून स्वतःची बॅकअप बॅटरी असलेलाच ट्रॅकर घ्या. अनेक जुन्या गाड्यांची यंत्रणा १२ नव्हे, ६ व्होल्टची असते. काही ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. चुकीची जोडणी झाली तर उपकरण किंवा जुनं वायरिंग जळू शकतं.

मग करायचं काय?

• आधी गाडी हलणं अवघड करा: स्टिअरिंग लॉक, चाकाचा लॉक, लपवलेला किल स्विच.
• मग अलार्म, शेवटी ट्रॅकर. ट्रॅकर सहज दिसेल अशा जागी नको.
• चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीच्या खास खुणांचे फोटो जपून ठेवा.
• विमा तपासा. फक्त थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. मूल्यांकन न करता आकडा मान्य केलात, तर नुकसान तुमचंच.

गाडी गेलीच तर ११२ वर फोन करा, एफआयआर नोंदवा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. ट्रॅकरवर ठिकाण दिसलं तरी एकट्याने मागे जाऊ नका, ते पोलिसांना द्या.

थोडक्यात, ट्रॅकर चोरी थांबवत नाही, फक्त शोधायची एक संधी देतो. तीही त्याची बॅटरी शाबूत असेल तरच.