मोती बिघडला की आपण चुकलो?



आमचा मोती आता दहा महिन्यांचा आहे. पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हटले की तो लगेच बसे. आता तो माझ्याकडे पाहतो, शेपटी हलवतो आणि माझी चप्पल घेऊन अंगणात पळतो. ‘कुत्रा बिघडला, लांब कुठेतरी सोडून या,’ असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. तुमच्याही घरी असे बोलणे चालले असेल, तर पुढचे जरूर वाचा.

मोती बिघडलेला नाही, तो वयात येत आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना मालकाच्या सांगण्यावरून बसणारी कुत्री आठव्या महिन्यात त्याचे कमी ऐकू लागली. परक्या माणसाचे मात्र ती ऐकत होती! वर्षाची होईपर्यंत ती पुन्हा बरीच वळणावर आली, असे मालकांनी नोंदवले. नववीतला मुलगा शाळेत सरांचे ऐकतो, पण घरी आईचे ऐकत नाही. त्यातलाच हा प्रकार!

मग या काळात काय करावे? ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. मोती अंगावर उडी मारतो, आपण ओरडतो, ढकलतो. त्याला तो खेळच वाटतो! त्याऐवजी गप्प राहून पाठ फिरवा. चारी पाय जमिनीवर टेकताच भाकरीचा तुकडा द्या. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही पुरतो, अवेळी दिलेला जोराचा धक्का वाया जातो. बक्षिसाचेही तसेच आहे. ते लगेच, एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. शिवाय घरातल्या सर्वांचा नियम एकच हवा. जेवताना आजोबांनी अधूनमधून घास टाकला, तर मागण्याची सवय अधिकच चिवट होते.

आणि मार? मीही एकदा कुरतडलेली चप्पल दाखवून मोतीला मारले. चप्पल त्याने तासाभरापूर्वी कुरतडली होती. त्याला एवढेच कळले, की मी जवळ आलो की मार बसतो. पुढे दोन दिवस हाक मारली तरी तो आला नाही. चूक माझी होती. पोर्तुगालमधील २०२० सालच्या एका अभ्यासात दरडावून, हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक आढळली.

कुत्र्याला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरीही मी म्हणेन, की चार-सहा महिन्यांच्या अडचणीसाठी ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला टाकून देऊ नये.

घरच्यांना हे पटवायचे असेल, तर वाद घालू नका, प्रयोग करा. रोज दहा वेळा ‘बस’ म्हणा, बसताच तुकडा द्या आणि किती वेळा बसला ते वहीत लिहा. महिन्याभराने ती वहीच वडिलांपुढे ठेवा.