हृदयाची लय आणि आतड्यातील जिवाणू

हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, अनेक रुग्णांच्या ठोक्यांची लय बिघडते. हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागतात. यालाच ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांत हे आढळते. वय वाढते तशी ही शक्यताही वाढते. बहुतेकांची लय काही आठवड्यांत पूर्ववत होते. परंतु तोपर्यंत कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. म्हणून काही रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते.

या विकाराशी आतड्यातील जिवाणूंचा संबंध असावा, असे संशोधक मानतात. शस्त्रक्रियेच्या काळात आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, त्याचे अस्तर दुबळे होते, जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरतात आणि दाह वाढतो. हा दाह हृदयाच्या कप्प्यांनाही चेतवतो. विचार सयुक्तिक आहे. मात्र जिवाणूंच्या कॅप्सूल घेतल्याने लय सुधारते, हे सिद्ध झालेले नाही. कृत्रिम झडप बसवलेल्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. क्वचित असे जिवाणू रक्तात शिरून संसर्ग करतात.

जिवाणूंचा एक परिणाम मात्र पक्का ठाऊक आहे. त्यांतील काही ‘के’ जीवनसत्त्व तयार करतात, आणि वॉरफेरिन किंवा असिट्रोम याच जीवनसत्त्वाविरुद्ध काम करते. खोकला-जुलाबासाठी प्रतिजैविक सुरू झाले की हे जिवाणू मरतात; शिवाय काही प्रतिजैविके यकृतात या गोळीचा निचराही मंदावतात. मग रक्त प्रमाणाबाहेर पातळ होते. म्हणून गावातील डॉक्टरांकडे जाताना रुग्णालयाचे कार्ड सोबत न्यावे, ‘रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे’ असे आधी सांगावे आणि तीन-चार दिवसांत आयएनआर तपासणी कधी करायची ते विचारावे. गोळी मनाने बंद करू नये.

आहारात ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, ताजे ताक असू द्यावे. मात्र मीठ व पाणी यांचे बंधन सांगितले असल्यास ते पाळावे. वॉरफेरिन किंवा असिट्रोम घेणाऱ्यांनी मेथी, पालक सोडू नये. पण रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.

काळजी घेणाऱ्यांनी रोज सकाळी अंगठ्याखाली मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके अनियमित किंवा फार जलद वाटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काळी शौच झाल्यास, चक्कर येऊन शुद्ध हरपल्यास, छातीत दुखल्यास, तोंड वाकडे झाल्यास, हात लुळा पडल्यास किंवा बोलणे अडखळल्यास थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.