किल्ली कोणाकडे?

बँकेत असताना एक सून लॉकर उघडण्यास आली. आत तिचे स्त्रीधन होते. लॉकर मात्र केवळ पतीच्या नावे. मला नकार द्यावा लागला. वकिलाच्या फीपुरतेही पैसे तिच्याजवळ नव्हते.

जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ नुसार, पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या पत्नीस वा पतीस दावा चालू असताना निर्वाहखर्च व दाव्याचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली निघावा, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार उभयतांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावी लागतात. पेढीचे उत्पन्न दडवणे महागात पडते.

वाचकहो, लेकीला दागिन्यांसोबत पावत्या आणि तिच्या नावाचा लॉकरही द्यावा.