थांबणे हीसुद्धा मेंदूची कृतीच आहे

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पाय पुढे पडतो, बॅट उचलली जाते आणि ऐनवेळी फलंदाज चेंडू सोडून देतो. धावफलकावर त्याची नोंद शून्य. मेंदूच्या लेखी मात्र ते शून्य नसते. सुरू झालेली हालचाल रोखणे हे वेगळे काम आहे आणि त्यालाही वेळ लागतो.

हा वेळ मोजता येतो. १९८४ मध्ये लोगन आणि कोवन यांनी त्यासाठी एक साधे प्रारूप मांडले : मेंदूत 'कर' आणि 'थांब' या दोन प्रक्रियांची शर्यत लागते, जी आधी पोहोचेल ती जिंकते. यावरून निरोगी प्रौढाला हाताची हालचाल रोखण्यासाठी साधारण पाव सेकंद किंवा त्याहून थोडा कमी वेळ लागतो, असे दिसते. न घडलेल्या कृतीचा कालावधी मोजणारे हे गणित भौतिकशास्त्र शिकलेल्या मला आजही विलक्षण वाटते.

भारतात याच प्रश्नावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. आदित्य मूर्ती दीर्घकाळ काम करत आहेत. त्यांचे साधन म्हणजे डोळ्यांची झेप, अर्थात सॅकेड. पडद्यावर एकापाठोपाठ दोन ठिपके दाखवले, तर मेंदू दोन्हींकडे पाहण्याच्या योजना जवळजवळ एकाच वेळी आखतो. मग त्यांना रांगेत कोण उभे करते? त्यांच्या गटाच्या २०१३ मधील शोधनिबंधात याचे उत्तर मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियाकडे बोट दाखवते. कंपवाताच्या रुग्णांत, तसेच या भागाचा एक हिस्सा औषधाने तात्पुरता निष्क्रिय केलेल्या माकडांत, नजर अधिक वेळा दोन ठिपक्यांच्या मधेच पडू लागली. ना धड इकडे, ना धड तिकडे. एका योजनेला आवर घातल्याशिवाय दुसरी नीट पार पडत नाही, असा याचा अर्थ.

आता मंत्रचळाकडे, म्हणजे ओसीडीकडे वळू. कडी लावली आहे हे रुग्णाला ठाऊक असते, तरीही तो विसाव्यांदा उठतो. बेसल गँग्लिया केवळ स्नायूंच्या हालचालींत गुंतलेला नाही. विचार आणि भावना यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांशीही त्याची समांतर वर्तुळे जोडलेली आहेत. २००२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी कंपवातासाठी दोन रुग्णांच्या मेंदूत खोलवर विद्युत्-उद्दीपन सुरू केले. दोघांनाही जुना मंत्रचळ होता. हालचालींबरोबर तोही लक्षणीय ओसरला. दोन रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही, पण दोन विकारांमधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, हे त्यातून सूचित झाले.

म्हणूनच 'मन घट्ट कर', 'रिकामे डोके, दुसरे काय' हे आपले घरगुती सल्ले मला अन्यायकारक वाटतात. कंपवाताच्या रुग्णाला 'हात हलवू नकोस' असे कोणी दटावत नाही. मग थांबवण्याची यंत्रणाच ज्याला साथ देत नाही, त्याला इच्छाशक्तीवरून का हिणवावे? आणि वही नीट रचून ठेवण्याच्या सवयीला 'मला जरा ओसीडी आहे' म्हणताना आपण कोणाच्या यातनेची थट्टा करतो?

येथे एक सावधगिरी हवी. डोळ्यांच्या झेपेतून मंत्रचळाचे संपूर्ण कोडे सुटलेले नाही. रुग्णारुग्णांत फरक आहेत. शिवाय 'मेंदूतला दोष' म्हणजे 'कायमचा दोष' नव्हे. औषधांनी अनेकांना आराम पडतो. तज्ज्ञांच्या मदतीने भीतीला सामोरे जात ती कृती न करण्याचा टप्प्याटप्प्याने सराव केल्यानेही पडतो. मेंदू बदलतो, म्हणूनच उपचार शक्य आहेत.

'ठिपक्यांकडे पाहणारी माकडे देशाच्या काय उपयोगाची?' असा प्रश्न मूलभूत संशोधनाच्या निधीची चर्चा निघाली की हमखास येतो. उत्तर सोपे आहे. ज्या यंत्रणेचे बिघाड दुरुस्त करायचे, ती आधी चालते कशी हे कळावे लागते. विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, वैद्यक या साऱ्यांना जागा आहे. आणि तुमच्यापैकी कोणी स्वतःच या चक्रात अडकले असेल, तर लाज बाळगू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.