दंडाची गाठ आणि परळची वाट

शेतकऱ्याच्या घरात हाताच्या दुखण्याला दुखणे म्हणायची पद्धत नाही. पोटात कळ आली, ताप उतरेना, छाती भरून आली, तर माणूस दवाखान्याची पायरी चढतो. हात दुखला तर त्याचे कारण घरातच तयार असते. काल उसाची मोळी उचलली होती, परवा कांद्याची गोणी खांद्यावर घेतली होती. मुलगा असेल तर खेळताना पडला होता, मुलगी असेल तर पाण्याचा हंडा जड झाला होता. घोडनदीकाठचे शिरूर घ्या की भीमेकाठचे दौंड, दोन्ही तालुक्यांत हाताने राबणाऱ्यांचीच वस्ती मोठी. तेव्हा दंडात कळ येणे ही तिथे रोजचीच गोष्ट. आणि बहुतेक वेळा घरात सांगितलेले कारण बरोबरही असते.

एखाद्या वेळी मात्र ते बरोबर नसते. हाडाचा कर्करोग हा तसा विरळा रोग. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगापुढे त्याची संख्या नगण्यच म्हणायची. विरळा असल्यामुळेच तो कोणाच्या मनात येत नाही. आणि तो गाठतो कोणाला, तर बहुधा दहा ते वीस वर्षांच्या, हाडे झपाट्याने वाढण्याच्या वयातल्या मुलामुलींना. ऑस्टिओसार्कोमा हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो गुडघ्याच्या आसपास जास्त होतो आणि त्याखालोखाल त्याची आवडती जागा म्हणजे दंडाच्या हाडाचे खांद्याकडचे टोक. दुसरा प्रकार युइंग सार्कोमा. उतारवयातही हाडात कर्करोग होतो, पण त्याचे प्रकार आणि उपचार बरेच वेगळे. आजचे बोलणे मुख्यतः मुलांविषयी आहे, कारण घराला सर्वांत मोठा धक्का तिथे बसतो.

या रोगाची खूण साधी आहे. मुका मार असेल तर दुखणे विश्रांतीने कमी होते, आठवड्या-दोन आठवड्यांत विसरले जाते. हे दुखणे वाढत जाते. दिवसभर हात गळ्यात बांधून ठेवला तरी रात्री ठणकतो, मुलाला झोपेतून उठवतो. मग दंडावर फुगवटा दिसू लागतो. अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव हाडवैद्याकडे असते. तो लेप लावतो, चोळतो, आवळून पट्टी बांधतो. मोडलेले हाड बसवून देणाऱ्या या माणसांवर गावाचा विश्वास उगाच बसलेला नाही. पण ज्या गाठीत काय आहे ते ठाऊक नाही, ती चोळायची नसते. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या, रात्री वाढणाऱ्या, एकाच जागेच्या दुखण्याला एक क्ष-किरण फोटो हवाच. तो शिरूरलाही निघतो आणि दौंडलाही. रोगाचे नाव त्या फोटोत कळत नाही, पण हाड संशयास्पद आहे एवढे अनुभवी डोळ्यांना बहुतेक वेळा कळते.

यापुढची पायरी सर्वांत नाजूक आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही आपल्याकडची जुनी भीती. योग्य हातांनी केलेल्या तपासणीने रोग पसरत नाही. पण या भीतीत सत्याचा एक कण आहे, आणि तो नेमका उलट्या बाजूने समजून घ्यायला हवा. सुई ज्या वाटेने आत जाते, ती वाटही पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर कापून टाकावी लागते. म्हणून सुई कुठून घालायची हे, पुढे जो सर्जन शस्त्रक्रिया करणार त्यानेच ठरवायचे असते. भलत्याच जागी घेतलेला छेद वाचू शकणारा हात घालवू शकतो. फोटो संशयास्पद दिसला की जवळच्या दवाखान्यात ‘गाठ कापून बघू’ म्हणून घाई करायची नाही. एमआरआय आणि सुई दोन्ही हाडांच्या कर्करोगाचे काम करणाऱ्या केंद्रातच करायची. इथे घाई आणि दिरंगाई दोन्ही सारख्याच महाग पडतात.

महाराष्ट्रात या रोगाचे नाव काढले की वाट परळला जाते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर टाटा विश्वस्त निधीने उभारलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ते ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय सर्जनचे नाव आहे. त्यांच्या काळात जगभर या रोगावर एकच उपाय होता, तो म्हणजे हात किंवा पाय कापणे. आणि तो करूनही बहुतेक मुले वाचत नसत, कारण रोग सापडण्याआधीच त्याचे कण फुप्फुसात जाऊन बसलेले असत. हाड कापले तरी फुप्फुस कोण कापणार?

चित्र पालटले ते १९७० च्या दशकात, शिरेतून देण्याच्या औषधांनी. कॅनडाच्या टेरी फॉक्सची गोष्ट इथे आठवते. त्याला हा रोग १९७७ मध्ये पायाला झाला आणि गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला. नव्या औषधांमुळे जगण्याची शक्यता दोनच वर्षांत किती वाढली आहे, हे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवस रोज धावला, ५,३७३ किलोमीटर, कर्करोग संशोधनासाठी पैसे उभे करायला. रोग फुप्फुसात उलटल्याने त्याला थांबावे लागले आणि जून १९८१ मध्ये, तेविसावे वर्ष पुरे होण्याआधी तो गेला. आज, रोग हाडापुरताच असताना सापडला आणि उपचार पुरे झाले, तर दहातली सहा-सात मुले वाचतात आणि बहुतेकांचा हात किंवा पायही वाचतो.

या दोन्ही गावांतल्या बँकेच्या शाखांमध्ये माझी काही वर्षे गेली. साधारण वीस वर्षांपूर्वी दौंडला असताना एक ऊस उत्पादक खातेदार सोनेतारण कर्जासाठी आले. मुलगी नववीत, उजव्या दंडात गाठ, परळहून नुकतेच निदान होऊन आलेले. कागद भरता भरता ते म्हणाले, “सायेब, उजवा हात गेला तर पोरीचं कसं व्हायचं?” मी काही बोलण्याआधी त्यांच्या मागे उभी असलेली मुलीची आई म्हणाली, “आधी पोर राहू द्या, मग हाताचं बघू, मग सोन्याचं.” पुढे या विषयावर मी बरेच वाचले, डॉक्टरांशी बोललो, पण त्या बाईने लावलेल्या क्रमापेक्षा वेगळे काही मला सापडले नाही. आधी जीव, मग हात, मग पैसा. सर्जनही याच क्रमाने विचार करतो. हात वाचवायच्या मोहात गाठीचा अंश मागे राहणार असेल, तर तो हात कापायला सांगतो. त्या सांगण्याला निर्दयपणा म्हणू नये.

उपचारांनाही असाच क्रम असतो. आधी सुमारे अडीच-तीन महिने औषधे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे. सगळे मिळून आठ-नऊ महिने. आधीच्या औषधांनी गाठ आक्रसते आणि फुप्फुसातल्या अदृश्य कणांवरही वार होतो. शस्त्रक्रियेत रोगट हाड काढून तिथे धातूचे हाड बसवतात, किंवा पायातले बारीक हाड आणून जोडतात, तर कधी काढलेलेच हाड किरणांखाली धरून, त्यातला रोग मारून पुन्हा जागेवर बसवतात. बाहेरून आणलेले धातूचे सांधे फार महाग पडत. ते देशातच बनू लागल्यापासून सामान्य घरांना थोडा दिलासा मिळाला.

पण खरी परीक्षा गावी परतल्यावर असते. पहिल्या आवर्तनानंतर केस जातात. एका औषधाचा रंग लाल, लघवीही लाल होते, आई घाबरते. ते रक्त नव्हे. तोंड येते, भाकरीचा वास नकोसा होतो. या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे औषध दिल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत शरीरातल्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. अशा वेळी आलेला ताप साधा ताप नसतो. घरातली गोळी देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही, रात्रीच निघायचे. दौंड-शिरूरच्या प्रत्येक अशा घरात औषधांचा कागद, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा फोन आणि गाडी असणाऱ्या शेजाऱ्याचे नाव, या तीन गोष्टी एकाच खिळ्याला टांगलेल्या हव्यात.

आता पैसा. काउंटरच्या आतून मी एक गोष्ट पाहिली आहे. माणसे आजाराच्या पहिल्या आठवड्यात घाबरून जमीन विकायला काढतात, आणि सहाव्या महिन्यात एसटीच्या तिकिटाला पैसे उरत नाहीत म्हणून उपचार अर्धे सोडतात. अर्धी औषधे घेतलेला रोग उलटून येतो, तेव्हा पहिल्यापेक्षा चिवट होऊन येतो. म्हणून खर्चालाही क्रम हवा. पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जायचे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आधार आहे; शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवायचे. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत कर्करुग्णाला भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. दौंडहून मुंबईची गाडी थेट मिळते, शिरूरकरांना आधी एसटीने पुणे गाठावे लागते, एवढाच फरक. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, लहान मुलांसाठी २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूडची केंद्रे आहेत.

कोणत्याही योजनेत न बसणारा खर्च मात्र मोठा असतो. आईबाप मुंबईत असताना गोठ्यातल्या गाई कोण पिळणार, उभ्या उसाला पाणी कोण देणार, धाकट्याला शाळेत कोण पाठवणार? तो खर्च भावकीने आणि गावाने उचलायचा असतो. पीककर्जाचा हप्ता थकणार असेल तर शाखेत येऊन आधीच सांगितले पाहिजे. लपवलेल्या थकबाकीपेक्षा सांगितलेली अडचण सोडवणे शाखाधिकाऱ्याला नेहमीच सोपे जाते.

ती नववीतली मुलगी आज नोकरी करते, संसार करते. उजव्या हाताने लिहिते, पोळ्या लाटते. हात खांद्याच्या वर मात्र जात नाही, कारण तिथले स्नायू गाठीबरोबर गेले. फळीवरचा डबा डाव्या हाताने काढावा लागतो. काही वर्षे फुप्फुसाच्या तपासणीसाठी तिच्या परळच्या फेऱ्या चालूच होत्या, आणि प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री घरात कोणी झोपत नसे. तिच्या लग्नाच्या वेळी ‘हा रोग पुढे मुलांना होईल का’ असे लोक कुजबुजत. बहुतेक रुग्णांत हा रोग घराण्यातून आलेला नसतो, आणि तो कोणाच्या स्पर्शाने तर कधीच होत नाही. ज्यांचा हात वाचला नाही, त्यांच्यासाठी १९४४ पासून पुण्यातच लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि तिथे नागरिकांवरही उपचार होतात. कृत्रिम हात कामाला येतो, सवयीने डावा हात उजवा होतो. सवय होत नाही ती लोकांच्या नजरेची.

पावसाळा सुरू झाला की आपण शाळेच्या दप्तराची, वह्यापुस्तकांची चौकशी करतो. त्याबरोबर एक चौकशी आणखी करावी. मूल रात्री हात धरून उठते का, एवढीच. उठत असेल तर रागावू नये, चोळू नये, आणि फोटो काढायला उद्यावर ढकलू नये. फोटो निर्मळ आला तर दोन-चारशे रुपये वाया गेले म्हणून हळहळ वाटायचे कारण नाही. असे पैसे वाया जाणे हेच आपले भाग्य समजावे.