चव कुणी ठरवायची?



लाल वाइनचा विषय कापूस-शाळू पिकवणाऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे काही जण विचारतील. विषय पिण्याचा नाही, भावाचा आहे. शहरातली माणसे पेला हातात धरून फ्रान्सची वाइन अशी आणि ऑस्ट्रेलियाची तशी, याच्यावर तासभर बोलतात. आपण ऐकून हसतो. पण त्या बोलण्यातूनच एका बाटलीला पाचशे मिळतात, दुसरीला पाच हजार. ही प्रतवारीच आहे. कापसाच्या ढिगात हात घालून ग्रेडर आपला भाव ठरवत आला, तशीच.

त्यात गूढ काही नाही. लाल वाइन काळी द्राक्षे सालीसकट आंबवून करतात. रंग सालीतून येतो, तुरटपणाही. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तोच. शिराज नावाची जात फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात थंडाव्यात पिकली की काळ्या मिरीचा वास धरते. ऑस्ट्रेलियाच्या बरोसात उन्हात पिकली की दाट, गोडसर होते. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चला, ऊन चढताना तयार होतो. साखर भरभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. तोडणी लांबली की वाइन सपक. हे बागाइतदाराला जिभेवर कळते. थॉम्पसनमधून तास-ए-गणेश निवडली ती तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यानेच.

2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण काढले. पलूसला वाइन पार्क आला. शेतकऱ्याला सांगितले, घड विरळ ठेवा, एकरी माल कमी घ्या, रस दाट होईल. माल कमी केला. मोबदला मात्र टनावर! 2008-09 च्या मंदीत राज्यात अनेकांचा माल उचलला गेला नाही, वेली उपटाव्या लागल्या. चव विकणारा वेगळा आणि वजन विकणारा वेगळा असला की असेच होते.

फ्रान्समध्येही शेतकऱ्याला हे फुकट मिळाले नाही. 1907 साली दक्षिणेतल्या लांगदोक भागात साखरपाण्याची वाइन बाजारात होती आणि खऱ्या मालाला भाव नव्हता. मार्सेलँ आल्बेर या द्राक्षशेतकऱ्याने हाक दिली. 9 जूनला माँपेलिए शहरात लाखो माणसे जमली. नार्बोनला लष्कराने गोळ्या घातल्या, माणसे मेली. महिना संपायच्या आत भेसळीविरुद्ध कायदा झाला. पुढे 1935 मध्ये शिवारांची नावे कायद्याने बांधली. त्या शिवारातले द्राक्ष नसेल तर ते नाव बाटलीवर लावता येत नाही. बर्गंडीत क्लो द वूजो नावाचे शिवार आहे. जमीन सुमारे 50 हेक्टर आणि मालक ऐंशीच्या आसपास, म्हणजे सरासरी दीड एकर! आटपाडीचा कोरडवाहू शेतकरी त्यांच्यापुढे जमीनदार ठरेल. तरी त्यांची बाटली हजारो रुपयांना जाते.

आता ऑस्ट्रेलियाचा माल येतो आहे. डिसेंबर 2022 पासूनच्या करारात बाटलीमागे 5 डॉलरच्या वरच्या वाइनवरची जकात 150 टक्क्यांवरून 100 वर आली, दहा वर्षांत ती 50 वर येणार. त्या बाटलीवर बरोसाचे नाव असेल. आपल्या बाटलीवर कुणाचे? नाशिकने वाइनसाठी भौगोलिक मानांकन घेतले. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते आहे, वाइनला नाही.

शाळूवाल्यांनीही हे ऐकावे. भाकरी तोंडात घातली की दाणा कुठल्या रानातला, हे आपल्या घरातली म्हातारी सांगते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली मानांकन मिळाले. शेजारच्या जतचा आणि माणचा दाणा मात्र आडतीवर नुसता 'शाळू' म्हणून ओततात.

मायबहिणींचा दारूला विरोध आहे, आणि तो बरोबरच आहे. पण जाणकार चाखणारा घोट थुंकून टाकतो. दिवसाला पन्नास वाइन गिळल्या तर संध्याकाळी त्याला चौघांनी घरी पोचवावे लागेल.

म्हणून वाइनच्या द्राक्षाची नवी लागण करण्याआधीच करारात लिहून मागा. बाटलीवर गावाचे नाव हवे, चाखणीला पिकवणाऱ्यांचा माणूस बसायला हवा, आणि टनाच्या भावावर चवीचा भाव वेगळा हवा. कारखाना नाही म्हणाला तर सही करू नका. थॉम्पसन लावा, त्याचा बेदाणा तासगावच्या सौद्यात निघतो.