पोर न्या, पण वहीत लिहून न्या

पालकसभेला आलेल्या काकांनो, मावश्यांनो, आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो, आत जाण्याआधी या भिंतीजवळ जरा दोन मिनिटे थांबा. एरवी आमच्या भित्तिपत्रकात पावसाच्या कविता, कोडी आणि सुविचार असतात. या खेपेला बाईंनी मला 'माझे मत' हे सदर लिहायला दिले. मी म्हटले, मत लिहायचे तर खरे लिहीन. बाई म्हणाल्या, खरेच लिही, पण कुणाचे नाव घेऊ नकोस. म्हणून नाव कुणाचेच घेतलेले नाही. ज्याचे त्याला कळेल.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आठ दिवस झड लागली होती. दुपारची खिचडी खाऊन आम्ही वर्गात बसलो, तेवढ्यात निरोप आला की धरणाचे दरवाजे उघडलेत, नदी वाढतेय, काठाच्या वाड्यांवरची मुले लवकर सोडा. गुरुजींनी घंटा दिली. आम्हाला शिकवले होते तसे आम्ही रांगेने निघालो. पहिलीची मुले पुढे, सातवीची सगळ्यांत मागे. पटांगणापर्यंत रांग झकास आली. गुरुजी हजेरी घ्यायला उभे राहिले आणि फाटकातून पालक आत शिरले. कुणी इरले घेऊन, कुणी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, कुणी मोटारसायकल चालू ठेवूनच. "आमची कुठं हाय?" "ए बाळ्या, चल बिगीबिगी!" ज्याने त्याने आपले पोर हाताला धरले, काहींनी शेजारचेही बरोबर घेतले, आणि निघाले. पाच मिनिटांत रांग मोडली. गुरुजी ओरडत होते, "अहो थांबा, नाव सांगून जा!" पण त्या पावसात ऐकतो कोण?

मग राहिलेल्यांची मोजणी झाली. कोण कुणाबरोबर गेले ते आम्ही आठवून आठवून सांगितले. चौथीतला एक मुलगा मात्र कुणालाच आठवेना. त्याचे दप्तर वर्गातच होते. अर्ध्या तासाने त्याची आई भिजत आली आणि म्हणाली, "माझा कुठाय?" तेव्हाचा गुरुजींचा चेहरा मला अजून आठवतो. वीज गेलेली. मोबाइलला रेंज नाही. गुरुजी आणि गावातली दोन माणसे ओढ्याकडे पळाली. ओढ्याचे पाणी फरशीवरून चालले होते. बाई त्या आईला धरून व्हरांड्यात बसल्या. आम्ही गप्प. तास-सव्वा तास असा गेला. मग कळले की तो पठ्ठ्या चुलत्याच्या गाडीवर बसून वरच्या वाडीला आत्याकडे गेलाय आणि चुलीपुढे बसून चहा-बटर खातोय.

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री अंथरुणात पडल्यावर मला झोप येईना. गुरुजींचा पाय फरशीवरून घसरला असता तर? जो मुलगा चहा पीत होता त्याला शोधताना?

चुलत्याने काही वाईट केले नाही. त्याने पोराला पावसातून नीट नेले. चूक एवढीच झाली की नेले ते कुणाला सांगितले नाही. म्हणून माझे मत असे आहे की, शाळा अवेळी सुटली तर कुठलेही मूल फाटकाबाहेर जाण्याआधी त्याचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नाते आणि वेळ वहीत लिहिली गेली पाहिजे, आणि खाली सही. बाप असो, मामा असो की सरपंच असो. हे मत मी वर्गात सांगितले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तेच मागच्या पालकसभेत गुरुजींनी सांगितल्यावर एक काका उठले आणि म्हणाले, "आमचं पोर आमी न्यायला तुमची परवानगी कशाला?" काकांचा राग मला समजतो. पण काका, ती परवानगी नाही, ती पोच आहे. डेअरीत दूध घातल्यावर तुम्ही लिटर आणि फॅट लिहून घेतल्याशिवाय किटली उचलता का? मग पोराचे का लिहायचे नाही?

आपल्या भागात हे जास्तच लागू आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपले आपण उघडतात, पाणी उतरले की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतीत पडते. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाचा आम्हाला अभिमान आहे, सहलीला आम्ही तिथेच जातो. पण दरवाजे शाळेची वेळ बघून उघडत नाहीत. आणि पावसाळ्यातच पाणी येते असेही नाही. २९ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन थंडीत, दुरुस्तीचे काम चालू असताना धरणाचा एक दरवाजा उघडलेल्या स्थितीत अडकला आणि नदीला एकदम पाणी आले. काठच्या गावांना सावध करावे लागले. आकाशात ढग नाही आणि नदी फुगलेली! तेव्हा मी लहान होते. वडील मोटार काढायला नदीवर पळाले होते तेवढे आठवते. आणि २०१९ च्या महापुराचे काय सांगावे? आपली भोगावती पुढे पंचगंगेला मिळते. त्या वर्षी कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे.

आता प्रशिक्षणाबद्दल. गेल्या वर्षी आमच्या शाळेत आपत्तीची कवायत घ्यायला पाहुणे आले. त्यांनी चित्रे आणली होती. भूकंप झाला की टेबलाखाली शिरा, डोके झाका आणि टेबलाचा पाय घट्ट धरा, असे एका चित्रात होते. पहिलीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "आमी बस्करावर बसतो, काय धरायचं?" पाहुणे हसले, पण मग त्यांनाही विचार पडला. शेवटी ठरले की कौलांच्या आणि खिडकीच्या खालून बाजूला व्हायचे, आतल्या भिंतीशी गुडघ्यावर बसायचे, दप्तर डोक्यावर धरायचे आणि हादरे थांबले की पटांगणात यायचे. मला वाटते, त्या दिवसातले सगळ्यांत चांगले प्रशिक्षण त्या पहिलीतल्या मुलीने दिले. चित्रातली शाळा वेगळी असते आणि आपली वेगळी. आपल्या शाळेत काय आहे, काय नाही, ते आपणच हिंडून बघितले पाहिजे. आम्ही बघितले. दुसरीच्या वर्गाचे दार आत उघडते, म्हणजे आतून गर्दीने रेटा दिला तर ते उघडणारच नाही. त्या दाराशीच पाण्याच्या पिंपाचा स्टँड होता. स्टँड आम्ही त्याच दिवशी हलवला. दार अजून तसेच आहे. (ते बदलायला सुतार पाहिजे. पालकांत दोन सुतार आहेत.)

भूकंप आपल्याकडे कशाला होतोय, असे काही मुले म्हणतात. माझी आजी तसे म्हणत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा आजी लहान होती. फळीवरची भांडी खणखण वाजली आणि तिच्या आईने पोरांना एकेक करून अंगणात फेकल्यासारखे बाहेर काढले, असे ती सांगते. "मोजलं आन् एक कमी. पुन्यांदा मोजलं तर एक जास्त!" शेजारच्यांचे पोर यांच्यात येऊन उभे होते. आजी हे सांगताना हसते. पण मोजणीचा घोळ तेव्हाही होता म्हणायचा.

खिचडी शिजते त्या खोलीबद्दलही लिहायचे आहे. तमिळनाडूत कुंभकोणम या गावी १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, वरचे छप्पर गवताचे होते, आणि ९४ मुले गेली. आमच्याएवढी आणि आमच्याहून लहान. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निकाल दिला की देशातल्या सगळ्या शाळांत आग विझवण्याची साधने असावीत आणि शिक्षकांना ती वापरायचे शिक्षण द्यावे. आमच्या शाळेत लाल नळकांडे आहे. ते कसे चालते, पिन कुठली ओढायची, हे गुरुजींना येते. पण स्वयंपाकाच्या मावशींना कुणी दाखवले नव्हते, आणि आगीजवळ दिवसभर असतात त्याच! आता बाईंनी त्यांना शिकवले. मावशी म्हणाल्या, "मला वाटलं ते साहेब आल्यावर दाखवायला हाय."

आता मोठ्या माणसांकडे वळते. कवायत झाली त्या दिवशी पालक किती आले होते, तर चार. त्यांतले दोन दाखल्यासाठी आले होते. स्नेहसंमेलनाला मात्र पटांगणात पाय ठेवायला जागा नसते. आई-बापांना दोष देत नाही. तेव्हा भाताची लावण चालू होती, चिखलातून उठून कोण येणार? चूक आमचीही आहे. आम्ही प्रभातफेरी काढली, घोषणा दिल्या, आणि झाले आमचे काम असे समजलो. सकाळी सात वाजता घोषणा ऐकायला घरात असते कोण? आया गोठ्यात, बाप रानात. मग एका मुलाने सुचवले की डेअरीत सांगू या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरचे एक माणूस किटली घेऊन तिथे रांगेत उभे असतेच. आम्ही दोघी-दोघी तिथे उभ्या राहिलो आणि वही दाखवून समजावून सांगितले. दोन दिवसांत जेवढ्या घरांना कळले तेवढे चार प्रभातफेऱ्यांत कळले नव्हते. एका आजोबांनी तर तिथेच सही करायला पेन मागितले.

जपानात कामाइशी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. ११ मार्च २०११ ला तिथे मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र गावात शिरला. गावातली हजाराहून जास्त माणसे गेली. पण शाळेची मुले, सुमारे तीन हजार, जवळजवळ सगळी वाचली. मोठ्या शाळेची मुले धावताना धाकट्यांचे हात धरून टेकडीकडे निघाली. पहिल्या जागी थांबली, तिथेही धोका दिसला, तेव्हा आणखी वर गेली. हे एका दिवसात झालेले नव्हते. कितीतरी वर्षे त्यांना शिकवले जात होते. आणि त्यांना घरी जाऊन आई-वडिलांना एक गोष्ट सांगायला लावली होती. ती अशी की, मी नक्की पळून उंचावर जाईन, तुम्ही मला न्यायला शाळेकडे येऊ नका, तुम्हीही पळा. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला आमचे फाटक आठवले. आपल्याकडे पाणी वाढल्यावर नदीकाठचा रस्ता ओलांडून लोक शाळेकडे येतात. पोरे शाळेत असतात, शाळा उंचावर आहे, आणि पाण्यात असतात ते पालक! शाळेत मूल सुरक्षित आहे असा भरवसा पालकांना असेल तरच ते थांबतील. तो भरवसा नुसत्या बोलण्याने येणार नाही. कवायत स्वतः बघितली तर येईल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत शेकडा ७५ सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे शाळा कायद्यानेही तुमचीच आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात अशी माझी विनंती आहे. दुसरीच्या वर्गाचे दार फिरवणे. प्रत्येक मुलाला न्यायला कोण दोन माणसे येऊ शकतात ती नावे वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून देणे. आणि वाड्यांवरून चालत येणाऱ्या मुलांचा जथा करून त्यात सातवीचे एक मूल पुढे, एक मागे ठेवणे. वाटेत गवा दिसला तर सगळे एकत्र थांबतील, एकटे कुणी पळणार नाही.

मित्रांनो, तुम्हालाही एक सांगते. कवायतीच्या वेळी मागच्या रांगेत कोण खिदळत होते ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, बाईंना शब्द दिलाय. पण चौथीतल्या त्या मुलाला बसवून चुलता निघाला तेव्हा तुमच्यातल्या दोघांनी बघितले होते, हे नंतर कबूल केलेत ना? मग बोलायचे होते.

वही आता कार्यालयाच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे, पेन्सील दोरीने बांधली आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिला आहे. पुढची कवायत शनिवारी सकाळची शाळा सुटताना आहे, खरी घंटा वाजणार आहे आणि खरीच वही भरायची आहे. लावण संपलेली आहे, तेव्हा सबब चालणार नाही. मला न्यायला आजी येणार आहे. तिने काल विचारले, "मला सही येत न्हाई, अंगठा चालंल का?" मी बाईंना विचारले. बाईंनी शाईचे पॅड काढून वहीशेजारी ठेवले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी